नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि गेम लावला की पीसी बंद: एसएमपीएस कसा तपासायचा, कोणता घ्यायचा

तक्रार जवळजवळ दर वेळी एकाच साच्यातली असते. तीन-चार वर्षांपूर्वी जुळवलेला पीसी. आत आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि दुकानदाराने कॅबिनेटसोबतच दिलेला '४५० वॉट'चा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा. इतके दिवस काही कुरकुर नव्हती. मग कुठूनतरी सेकंडहँड आरटीएक्स ३०७० कार्ड हाती लागतं. बसवल्यावर विंडोज नीट उघडतं, ड्रायव्हर इन्स्टॉल होतो, यूट्यूब चालतं. गेमचा मेनूही दिसतो आणि नकाशा लोड होता होता खट्कन सगळं बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा तिथेच बंद.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: विंडोज नव्याने टाका, रॅम काढून पुसून बसवा, कार्ड क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबवलेलं असणार, परत करा. यातलं काही करण्याआधी साधं गणित बघू. १६५० हे ७५ वॉटचं कार्ड आहे. त्याच्या कित्येक मॉडेलना वेगळी वायरही लागत नाही, मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर त्यांचं भागतं. ३०७० चा आकडा २२० वॉट आहे. जुन्या एसएमपीएसवर एका दिवसात दीडशे वॉटच्या आसपास बोजा वाढला आणि त्याला कोणी विचारलंच नाही.

आधी बंद कसा पडतो ते नीट बघा

'बंद पडतो' या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. भिंतीवरचा प्लग उपटल्यासारखं एका क्षणात सगळं गेलं, पंखे थांबले, लाइट विझले, तर संशय एसएमपीएसवर. त्यातही पीसी लगेच पुन्हा चालू होत नसेल आणि एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करून काही सेकंद थांबल्यावरच जीव धरत असेल, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली, असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. ही संरक्षणाची सोय आहे आणि ती चालली याचा आनंद माना. ज्या स्वस्त एसएमपीएसमध्ये ती धड नसते, तिथे धूर निघतो.

स्क्रीन काळी झाली, पण कॅबिनेटचे लाइट चालू आहेत, कार्डचे पंखे वेड्यासारखे पूर्ण वेगाने फिरताहेत, कधीकधी गेमचा आवाजही येतोय, तर एकट्या कार्डची वीज अडली आहे किंवा ड्रायव्हर कोसळला आहे. इथे एसएमपीएस बदलायच्या आधी वायरी आणि कनेक्टर बघायचे.

निळी स्क्रीन येऊन कोड दिसत असेल तर रॅम आणि ड्रायव्हर आधी, एसएमपीएस शेवटी. आणि नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल तर या लेखाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. तो दोष बहुधा ड्रायव्हरचा, ओव्हरक्लॉकचा (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा) किंवा गेमचाच.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की बरेच जण लगेच एसएमपीएसला दोषी ठरवतात, कारण नावात 'पॉवर' आहे. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. पॉवर बटण दाबून धरून पीसी बंद केलात तरी हीच नोंद पडते. नोंद उघडून तपशिलात बगचेक कोडसमोर शून्य आहे का ते बघा. शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज अचानक गेली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. याहून जास्त अर्थ त्यातून काढू नका.

डब्यावरचा आकडा सोडा, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवर चिकटवलेला तक्ता शोधा. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा ओळी असतात, प्रत्येकीखाली अँपिअर. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही आपली वीज १२ व्होल्टच्या ओळीतूनच घेतात. ३.३ आणि ५ वर एसएसडी, यूएसबी अशी किरकोळ मंडळी. तेव्हा १२ व्होल्टसमोरच्या अँपिअरला १२ ने गुणा. तोच तुमच्या एसएमपीएसचा खरा आकडा.

समजा लेबलवर '४५० वॉट' आहे आणि १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. झाले २१६ वॉट. उरलेले वॉट ५ आणि ३.३ च्या ओळींत वाटलेले, जे ग्राफिक्स कार्डाच्या काहीच कामाचे नाहीत. २००० च्या आधीचे पीसी बरीचशी वीज त्या दोन ओळींतून घेत. पेंटियम ४ आला त्या वर्षी प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार-पिन वायर मानकात आली आणि भार हळूहळू तिकडे सरकला. स्वस्त एसएमपीएसचं लेबल मात्र अजून त्याच जुन्या वाटणीत अडकलेलं. याउलट चांगल्या ६५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ५४ अँपिअर दिसतील, म्हणजे ६४८ वॉट. जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथे.

काही लेबलांवर १२व्ही१ आणि १२व्ही२ अशा दोन ओळी असतात, समजा १४ आणि १५ अँपिअर. त्यांची बेरीज करून २९ धरू नका. खाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा वॉटमध्ये छापलेली असते, ती खरी. तीही छापलेली नसेल, तर तो एसएमपीएस ३०७० ला जोडायचा विचार तिथेच सोडा.

'८० प्लस' हा शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते ते सांगतो. ब्राँझपेक्षा गोल्डमध्ये उष्णता कमी, बिल किंचित कमी. संरक्षण कसं आहे, कपॅसिटर कसले आहेत, हे त्यातून कळत नाही. दुकानात मात्र 'सर गोल्ड आहे' एवढ्यावर विषय संपतो.

सरासरी पुरते, उसळी पुरत नाही

आता कोणी म्हणेल, माझा एसएमपीएस कॅबिनेटसोबतचा नाही, चांगल्या कंपनीचा ५०० वॉटचा आहे, १२ व्होल्टवर ४० अँपिअर आहेत, तरी बंद का पडतो? प्रश्न रास्त आहे. कार्डाचा २२० हा आकडा सरासरी आहे. चिपमधला भार मिलिसेकंदाला बदलतो आणि काही मिलिसेकंदांपुरतं हेच कार्ड ३०० वॉटच्या पुढे उसळी मारू शकतं. गावाकडे विहिरीवरची मोटर चालू होताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात, तसाच हा प्रकार. एनव्हिडियाच्या ३००० मालिकेत हे विशेष गाजलं. ३०८० आणि ३०९० वाल्यांचे चांगल्या दर्जाचे एसएमपीएसही संरक्षण लागून बंद पडत होते.

म्हणून पीसी गेमच्या मेनूत किंवा लोडिंग स्क्रीनवर बंद पडतो हे चमत्कारिक वाटलं तरी खरं असतं. मेनूत चित्र साधं असतं, फ्रेमवर मर्यादा नसेल तर कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत सुटतं, मग लोडिंगला भार एकदम खाली येतो आणि नकाशा उघडताच एकदम चढतो. हा चढउतारच घातक. फरमार्क हे कार्डावर भार टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर तासभर चालवून 'बघा, काही होत नाही' म्हणणारे इथेच फसतात, कारण फरमार्कचा भार जड असला तरी सपाट असतो.

या उसळ्यांचा विचार करून २०२२ साली एटीएक्स ३.० हे मानक आलं. मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलावा, अशी त्यात अट आहे. आज नवा घेताना डब्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ बघून घ्या.

खिशात हात घालण्याआधी

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर टाका. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. पॉवर लिमिटची पट्टी ७० टक्क्यांवर आणा आणि गेममध्ये किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवा. आता तोच गेम, तोच नकाशा. आधी पाच मिनिटांत बंद पडणारा पीसी संध्याकाळभर चालला, तर दोष विजेच्या बाजूला आहे हे जवळजवळ पक्कं. तरीही तसाच बंद पडला तर संशय दुसरीकडे न्या.

दुसरी चाचणी म्हणजे मित्राचा चांगला एसएमपीएस तासभर उसना आणणे. आणताना त्याच्या सगळ्या वायरी त्याच्याबरोबर आणा. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरींचं कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडचं टोक कुठल्याही मानकात बसवलेलं नाही. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये छान बसते आणि १२ व्होल्ट जिथे ५ हवेत तिथे जातात. हार्ड डिस्क तत्क्षणी जळते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही हे घडू शकतं.

एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर फार विसंबू नका. मदरबोर्डचा सेन्सर कित्येकदा ११.२ दाखवतो आणि मल्टीमीटरवर १२.१ निघतात. मल्टीमीटर असेल तर चार पिनच्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये, गेम चालू असताना मोजा. ११.४ च्या खाली गेलं तर एसएमपीएस दमला आहे. पण मिलिसेकंदाची उसळी मल्टीमीटरलाही दिसत नाही, म्हणून आकडा चांगला आला तरी एसएमपीएस निर्दोष सुटत नाही.

मग किती वॉटचा?

कार्डाचे वॉट, अधिक प्रोसेसर खरोखर कमाल किती घेतो तो आकडा, अधिक मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ६०. प्रोसेसरच्या डब्यावरच्या आकड्याला भुलू नका. १२४००एफवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोची, म्हणजे पूर्ण वेगात चालतानाची, मर्यादा इंटेलच ११७ देते. आय-सेव्हन १३७००के वर १२५ लिहिलेलं, मर्यादा २५३. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे ६५ वॉटवाले ८८ पर्यंत जातात, १०५ वाले १४२ पर्यंत.

आपल्या उदाहरणात २२० अधिक ११७ अधिक ६०, म्हणजे ३९७. यावर चाळीस टक्के राखीव धरा, साडेपाचशेच्या जरा वर जातं. ६५० चा घ्या, एनव्हिडियाची शिफारसही तीच आहे. हेच कार्ड १३७००के सोबत असेल तर बेरीज ५३३ होते आणि ७५० लागतो. कार्डाच्या पानावरची शिफारस डोळे मिटून न घेता प्रोसेसर बघायचा, तो यासाठी.

आणखी काही कार्डं: आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉट घेतं, त्याला चांगला ५५० भरपूर झाला. ४०७० चे २०० आणि ५०७० चे २५०, दोन्हींना ६५०. ५०७० टीआय ३०० वॉट, रेडिऑन ९०७० एक्सटी ३०४, दोन्हींना ७५०. ५०९० चे ५७५ वॉट आणि हजाराचा एसएमपीएस. पण ते कार्ड घेणारा माणूस एसएमपीएसवर काटकसर करत नसावा, अशी आशा आहे.

उगाच हजार वॉटचा घेऊन ठेवण्यातही अर्थ नाही. एसएमपीएस लागेल तेवढीच वीज ओढतो, त्यामुळे बिल वाढणार नाही, पण तेच पैसे चांगल्या ७५० मध्ये जास्त कामी येतात. वॉरंटी बघा. तीन वर्षांची देणारी कंपनी आणि दहा वर्षांची देणारी कंपनी आपल्याच मालाबद्दल काय समजतात ते त्यातून कळतं. किती तापमानाला क्षमता मोजली आहे तेही बघा, ४० अंश की ५० अंश. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. सेकंडहँड कार्ड घ्या, हरकत नाही. सेकंडहँड एसएमपीएस मात्र अजिबात नको.

वायरींचं प्रकरण

स्लॉट ७५ वॉट देतो, सहा-पिन ७५, आठ-पिन १५०. हे मानकातले आकडे. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० बाजारात आलं तेव्हा ते स्लॉटमधून ७५ पेक्षा जास्त ओढतं असं परीक्षकांच्या मोजणीत दिसलं आणि कंपनीला थोड्याच दिवसांत ड्रायव्हरमधून दुरुस्ती द्यावी लागली. सांगायचं कारण, या मर्यादा शोभेच्या नाहीत.

बहुतेक ३०७० ना दोन आठ-पिन लागतात. एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच वायरीच्या टोकाला दोन कनेक्टर लोंबत असतात, ते दोन्ही खुपसून काम भागवायचा मोह होतो. दोन स्वतंत्र वायरी लावा. काळी स्क्रीन आणि सुसाट पंखे ही तक्रार कित्येकदा एवढ्यानेच जाते, फुकटात.

एसएमपीएसला आठ-पिनची वायरच नसेल तर तो त्या कार्डासाठी नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही साटापासून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीपासून) सहा-पिन किंवा आठ-पिन करणारे जोड सहज मिळतात. घेऊ नका. साटाच्या कनेक्टरात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. त्यातून ७५ किंवा १५० ओढले तर प्लॅस्टिक वितळतं, कधी पेटतं.

प्रोसेसरची आठ-पिन वायर आणि कार्डाची आठ-पिन वायर दिसायला भावंडं, पण पिनांची जोडणी उलटसुलट आहे. कार्डाची वायर सहा अधिक दोन अशी फुटते, प्रोसेसरची चार अधिक चार. जोर लावावा लागत असेल तर वायर चुकली आहे.

नव्या कार्डांवरचा सोळा पिनांचा छोटा कनेक्टर पूर्ण आत गेलाच पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० आल्यानंतर कनेक्टर वितळल्याची जी प्रकरणं गाजली, त्यात अर्धवट बसलेला कनेक्टर हे एक मोठं कारण निघालं. पुढच्या सुधारित आवृत्तीत संकेताच्या चार पिना आखूड केल्या, म्हणजे नीट बसला नाही तर कार्डाला वीजच मागता येऊ नये. तरीही टॉर्च लावून फट दिसते का बघा आणि कनेक्टरच्या अगदी मुळाशी वायर वाकवू नका.

ऑफिसातून निघालेले डेल, एचपी

नूतनीकरण केलेले ऑप्टिप्लेक्स किंवा एलिटडेस्क घेऊन त्यात कार्ड टाकणारे पुष्कळ. छोट्या आकाराच्या मॉडेलमधला एसएमपीएस दोनशे-अडीचशे वॉटचा, आकार वेगळा, मदरबोर्डचा कनेक्टरही कंपनीचा स्वतःचा, कार्डासाठी वायर नाहीच. बाजारातला एसएमपीएस तिथे सरळ बसत नाही. अशा पीसीत वायर न लागणारं कमी उंचीचं कार्ड घ्या: १६५० किंवा २०२४ साली आलेलं ७० वॉटचं आरटीएक्स ३०५०, सहा जीबीवालं. आठ जीबीचं ३०५० नको, त्याला वायर लागते. रेडिऑन ६४०० फक्त ५३ वॉटचं आहे, पण ते चारच लेनवर (स्लॉटमधल्या माहितीच्या वाटांवर) चालतं आणि जुन्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये मार खातं.

यूपीएस, इन्व्हर्टर आणि महावितरण

गेम चालू, लाईट गेली, यूपीएस असूनही पीसी बंद. इथे एसएमपीएस बिचारा निरपराध असतो. घरोघरचा ६०० व्हीएचा यूपीएस खरा ३६० वॉटचा. नव्या कार्डाचा पीसी भिंतीतून चारशेच्या आसपास ओढू शकतो, वर मॉनिटर. बॅटरीवर जाताच यूपीएस किंचाळतो आणि हात वर करतो. १००० व्हीए म्हणजे साधारण ६०० वॉट, तेवढा तरी हवा. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि काही चांगले एसएमपीएस त्यावर अडतात. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडमध्ये अदलाबदलीला वेळ जास्त लागतो आणि तेवढ्यात पीसी जातो.

चाचणीच्या वेळी मधला यूपीएस काढा, एक्सटेन्शन बोर्डही काढा, पीसी थेट भिंतीत लावा. ढिल्या सॉकेटमुळे बंद पडणारे पीसी मी पाहिले आहेत, सॉकेट बदलल्यावर सुरळीत चालले. ज्या भागात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज झोपतं, तिथे एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे की फक्त २०० ते २४०, हे बघून घ्या. दुसऱ्या प्रकारातला १८० व्होल्टला मान टाकू शकतो.

बदलला, तरी बंद पडतोय

नवा एसएमपीएस चांगला, वायरी स्वतंत्र, थेट भिंतीत जोडलेला, तरीही तोच प्रकार. मग प्रोसेसरचं तापमान बघा. कूलरची एक पिन सुटलेली असली तरी प्रोसेसर जास्त तापून पीसी बंद पडू शकतो. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून बघा. मदरबोर्डवर प्रोसेसरची वायर पूर्ण बसली आहे का, कॅबिनेटचा एखादा सुटा स्क्रू मदरबोर्डखाली अडकला आहे का, तेही बघा. एवढं झाल्यावर कार्ड काढून जुनं १६५० लावा आणि दोन-तीन दिवस वापरा. त्यात काही झालं नाही तर ३०७० दुसऱ्याच्या पीसीत लावून बघा, तिथेही नकाशा लोड होताना बंद पडला तर कार्डाच्याच वीज घेणाऱ्या भागात दोष आहे. विकणाऱ्याने परतीची मुदत दिली असेल, तर हे सगळं त्या मुदतीत उरका.